डबी गुलाबी झाली की

गॅरेजमधल्या बंदुकांच्या तिजोरीचं जाडजूड दार उघडून रेइनो पेल्टोलाने वडिलांची रायफल बाहेर काढली आणि तिच्यावरची लोकरीची खोळ ओढली. खोळ निघेना. जोर लावल्यावर निघाली खरी, पण निम्मी लोकर नळीलाच चिकटून राहिली. काळीभोर, आरशासारखी लखलखणारी ती नळी टोकापासून बुडापर्यंत तपकिरी झाली होती.

रेइनोला आधी वाटलं, आपण चुकीची रायफल काढली. तिजोरीत तीनच बंदुका होत्या आणि त्याच्या आईने विणलेली खोळ त्यातल्या एकीलाच होती, तरी त्याला तसंच वाटलं. त्याने अंगठा नळीवर घासला. अंगठाही तपकिरी झाला.

"बाबा," त्याची मुलगी आइली मागून म्हणाली. ती कॉफीचे दोन मग घेऊन उभी होती. "बाबा, ते काय झालंय?"

रेइनोने अंगठा परत एकदा नळीवर घासून बघितला.

हे दुसऱ्या कुणाच्या गॅरेजमध्ये घडलं असतं तर चार दिवस हळहळ झाली असती आणि विषय संपला असता. पण रेइनोच्या गॅरेजमध्ये गंज! सुपीरियर सरोवराच्या त्या काठावर कुणी नवी तिजोरी आणली, की ती गाडीतून उतरवायच्या आधी लोक रेइनोला फोन करत. नाही केला तर तो न बोलावता जाई. उभी हयात त्याने काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला होता, नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकलं होतं. त्या मिठाने सगळ्यांच्या गाड्यांचे तळ कुरतडले गेले. "अर्ध्या मुलखाच्या गाड्या खाल्ल्यास तू, आणि आता आम्हाला गंजाचं शहाणपण शिकवतोस," असं शेजारचा क्लाइड ट्रेवॅरो त्याला तोंडावर म्हणे. त्यात तथ्य होतं, म्हणूनच की काय, रेइनोचा गंजावर असा राग होता जसा एखाद्याचा सख्ख्या भावावर असतो.

त्याची तिजोरी बघायला आलेल्या माणसाला कॉफी मिळायच्या आधी सगळं ऐकावं लागे. तिजोरी उघड्या काँक्रीटवर ठेवायची नाही, काँक्रीट जमिनीतलं पाणी पितं आणि लोखंडाला पाजतं. खाली जाड रबराचे तुकडे हवेत. त्यातून बोल्ट थेट फरशीत गेले पाहिजेत, म्हणजे चोराला तिजोरी न्यायची तर गॅरेजसकट न्यावी लागेल. बिजागरीची बाजू भिंतीकडे. आणि गॅरेजचं दार उघडं असताना ती रस्त्यावरून दिसता कामा नये. त्याने तिच्यासमोर प्लायवूडचं खोटं कपाट उभं केलं होतं आणि त्यात रंगाचे रिकामे डबे मांडले होते. क्लाइडच्या बंदुका पलंगाखाली एका कुलपाच्या पेटीत असत. त्याचं तर रेइनोला भारी हसू येई. "पलंगाखाली!" तो म्हणे. "पलंगाखाली मोजे हरवतात रे, बंदुका नाही ठेवत."

हे सगळं गंमतीचं होतं. वडिलांच्या रायफलीची गोष्ट मात्र गंमतीची नव्हती.

रेइनोचे वडील अर्वी यांनी ती रायफल सगळ्यांसमोर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, आइलीच्या नावावर केली होती. "ही आइलीची," एवढंच बोलले होते. त्यांच्या बाजूला तासन्‌तास गप्प बसायला तयार असलेलं घरात तेवढंच एक पोर होतं. हरणाची वाट बघत, बोटं गोठेपर्यंत. अर्वी गेल्यावर आइलीने रायफल मागितली. रेइनो म्हणाला, कॉलेज होऊ दे. कॉलेज झाल्यावर ती ग्रीन बे शहरात भाड्याच्या जागेत राहायला लागली. तेव्हा म्हणाला, तुझ्या त्या जागेला ओल आहे, खिडकीखाली बुरशी बघितलीय मी. मग म्हणाला, लोखंड ठेवणं म्हणजे कुंडी ठेवणं नाही, माझ्याकडे आहे तर नीट आहे. आइलीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी रायफल तिजोरीतच. यंदा तिने स्वतःचं घर घेतलं. आता बापाला बोलायला जागा उरली नाही, म्हणून शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती रायफल न्यायला आली होती. उद्या पहाटे ती आजोबांच्या जागी, आजोबांची रायफल घेऊन बसणार होती. ग्रीन बेहून निघाल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि आता तिचा बाप तपकिरी अंगठ्याकडे बघत उभा होता.

"छत गळलं असणार," रेइनो शेवटी बोलला. त्याने तिजोरीच्या माथ्यावर हात फिरवला. माथा कोरडा ठणठणीत होता. वाकता येत नव्हतं तरी कण्हत वाकून त्याने खालचं रबर बघितलं, तेही कोरडं. मागच्या मोसमात त्याच्या कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं होतं, शिकार बुडाली, म्हणून बंदुका खोळीतून बाहेर निघाल्याच नव्हत्या. मग त्याने तिजोरीच्या आत, भिंतीला, तळवा लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

तळवा ओला झाला होता.

"आत पाणी आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "आइली, आत पाणी आहे!"

बाकीच्या दोन बंदुका त्याने धडाधड बाहेर काढल्या. त्यांच्या पातळ खोळी निघाल्या तरी, पण चाप, कडी, नळी, सगळीकडे लाल ठिपके उठले होते. आणि तेवढ्यात त्याला दाराच्या आतल्या फळीवरची डबी दिसली.

"ही!" त्याने ती उचलून आइलीसमोर धरली. "ही तुझी डबी! तूच पाठवलीस ना नाताळात? आत खडे आहेत, ओल शोषून घेतात, विजेची गरज नाही. तुझ्या शब्दावर मी तिजोरीतली माझी विजेची कांडी काढली. चांगली ऊब द्यायची ती. तिच्या प्लगच्या जागी फ्रीझरचा प्लग लावला. आणि ही बघ तुझ्या डबीची करणी!"

आइलीने दोन्ही मग फ्रीझरवर ठेवले. ती इतकी पांढरी पडली की रेइनोला बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही.

"मी केलं?" ती म्हणाली. "आजोबांची रायफल मी गंजवली? बाबा, ग्रीन बेला बसून?"

आरडाओरडा ऐकून रेइनोची बायको एलेन हाताचं पीठ पुसत घरातून आली. रायफल बघून तिने तोंडावर हात ठेवला आणि पीठ गालाला लागलं. त्याच वेळी गॅरेजच्या कोपऱ्यातलं फळ्यांचं दार उघडलं आणि वाफेच्या लोटासकट क्लाइड बाहेर आला. कमरेला पंचा, बाकी काही नाही. शनिवार म्हणजे साउनाचा, लाकडी खोलीत बसून वाफेने आंघोळ करायचा दिवस. ऑपरेशननंतर बर्फावरून तळ्याकाठच्या जुन्या साउनापर्यंत चालवेना, म्हणून रेइनोने गॅरेजच्याच कोपऱ्यात नवा बांधला होता, आणि क्लाइड नेहमीसारखा यजमानाच्या आधी आत जाऊन बसला होता.

"कोण मेलं?" क्लाइडने विचारलं. मग त्याने रायफल बघितली. "अरे देवा! अर्वीची?"

आइली डबीकडे बघत होती. मुठीएवढी, पत्र्याची, वर काचेची छोटी खिडकी आणि खिडकीत दिसणारे खडे.

"बाबा, ही भरली की वाळवावी लागते."

"मला ठाऊक नाही का? दर शनिवारी वाळवतो. एक शनिवार चुकवला नाही, विचार तुझ्या आईला. कंबर कापलेली असतानासुद्धा."

"कुठे वाळवतोस?"

"कुठे म्हणजे? साउनात. वरच्या फळीवर." साउनात मोजे वाळतात, हातमोजे वाळतात, एकदा तर एलेनने भिजलेलं चर्चचं गाण्याचं पुस्तक वाळवलं होतं. हा काय विचारायचा प्रश्न झाला?

"रात्री? सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर?"

"छे! तेव्हा दगड निवतात. आम्ही आत असतो तेव्हा. चांगली कडक वाफ असते."

"म्हणजे दगडांवर पाणी टाकता तेव्हा."

"मग काय कोरड्या दगडांकडे बघत बसायचं?"

एलेनच्या ध्यानात काहीतरी आलं होतं. तिने डोळे मिटले. आइलीने खालच्या आवाजात विचारलं, "आणि वाळली, हे कसं कळतं तुला?"

"रंगावरून!" रेइनो उसळून म्हणाला. एवढं तरी आपण नीट केलंय, हे त्याला सांगायचं होतं. "आत नेताना निळी असते, गारठलेली. दोन-तीन वेळा वाफ दिली की मस्त गुलाबी होते. गुलाबी झाली की झाली. लगेच पुसून तिजोरीत." त्याने पंचातल्या क्लाइडकडे हात केला. "ही अशी!"

सगळ्यांनी क्लाइडकडे बघितलं. क्लाइडनेही खाली आपल्या पोटाकडे बघितलं. तो कपाळापासून गुडघ्यापर्यंत गुलाबी झाला होता आणि त्याच्या अंगातून वाफ निघत होती.

"बाबा," आइली म्हणाली, "निळी म्हणजे कोरडी. गुलाबी म्हणजे पाण्याने भरलेली."

रेइनो हसला. खरोखरच हसला, थोडा वेळ. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला.

"तळाशी लिहिलंय," तिने डबी उलटी केली.

"तळाशी कोण बघतं?"

"मी विचारलं होतं, ओव्हनमध्ये ठेवू का?" एलेन म्हणाली. "तू म्हणालास, ओव्हनमध्ये पाव भाजतात."

"पण..." रेइनोने डबी हातात घेतली. "पण शनिवारी ठेवलेली गुलाबी डबी पुढच्या शनिवारी परत निळसर झालेली असायची. म्हणून तर मी परत..."

तो बोलता बोलता अडकला. निळसर झालेली असायची. म्हणजे आतलं पाणी आठवडाभरात निघून गेलेलं असायचं. आणि बंद तिजोरीतून ते जाणार कुठे? दार त्याने असं घट्ट बसवून घेतलं होतं की कागदाचा कपटासुद्धा आत सरकला नसता.

आता कुठे त्याला सगळं उलगडलं, आणि त्याचे डोळे पांढरे व्हायची पाळी आली. छत नाही, काँक्रीट नाही, सरोवराची हवा नाही, चोर नाही. बोल्ट ठोकून, कपाटामागे लपवून, जगापासून राखलेल्या त्या तिजोरीत दर शनिवारी तो स्वतः, आपल्या हाताने, पाण्याने भरलेली डबी ठेवत आला होता. वर ती पुसून! एकही शनिवार चुकवला नाही म्हणून मघाशी छातीही काढली होती. आईने विणलेल्या लोकरीने ते पाणी पिऊन घेतलं आणि वडिलांच्या रायफलीला पाजलं.

रेइनो उपड्या बादलीवर बसला. त्याला इतकी लाज वाटली की मुलीच्या तोंडाकडे बघवेना.

"माझी दुसरी रायफल घेऊन जा उद्या, पोरी," क्लाइड पंचा सावरत म्हणाला. "पलंगाखालची." त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण तो बसायचा तिथे बसलाच. मग थंडीने कुडकुडत तो परत आत गेला.

"ह्यूटनला एक चांगला कारागीर आहे," रेइनो जमिनीकडे बघत म्हणाला. "नळी घासून देईल, काळी करून देईल. आतून किती खाल्लीय ते बघावं लागेल. वसंतात ये. तोवर मी नवीसारखी करून ठेवतो, मग ने. अशी कशी देऊ तुला? नंतर..."

"नंतर," आइली म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. पण रेइनोने मान वर केली. तो शब्द त्याला पहिल्यांदाच ऐकू आला, इतकी वर्षं स्वतःच्याच तोंडून बाहेर पडत असून. कॉलेजनंतर. ओल गेल्यानंतर. घर झाल्यानंतर. रायफल राखायची होती हे त्यातलं कितपत खरं, आणि किती नुसतं सोडवत नव्हतं म्हणून? वडील गेल्यावर तिजोरी उघडली की तेलाचा आणि त्यांच्या तंबाखूचा वास यायचा. तो वास मुलीला द्यायचा त्याच्या जिवावर आला होता. आता तिजोरीतून कुबट लोकरीचा वास येत होता.

तो उठला. रायफल उचलली, गोळी भरायची कडी मागे ओढायला गेला, ती हलेना. दोन्ही हातांनी झटका देऊन उघडली, नळी रिकामी असल्याचं तिला दाखवलं, जसं अर्वी दाखवत असत तसं. मग ती तपकिरी, लोकर चिकटलेली रायफल मुलीच्या हातात दिली.

"तुझी आहे," तो म्हणाला. "मी खराब केली. तुझ्या डबीने नाही."

आइलीने ती छातीशी धरली. तिच्या कोटाला गंज लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तिने दोन्ही पुसलं नाही. एलेन पुढे होऊन म्हणाली, "रडू नकोस बाई तिच्यावर, आधीच काय कमी पाणी प्यायलीय ती." मग तिघंही हसली, आणि एलेन हसता हसता स्वतःच रडायला लागली.

दोन दिवसांनी आइली परत निघाली तेव्हा तिने रायफल कोरड्या चादरीत गुंडाळून, पेटीत घालून, गाडीच्या मागे ठेवली. रेइनो खिडकीशी आला. बोलावं की न बोलावं, असं त्याचं चाललं होतं. अखेर राहवलं नाही.

"तुझ्या घरी कुठे ठेवणार आहेस?"

आइलीने गाडी सुरू केली. "पलंगाखाली, बाबा. कुलपाच्या पेटीत."

रेइनोचं तोंड उघडलं. काँक्रीट, रबर, बोल्ट, बिजागरी, सगळं जिभेच्या टोकावर आलं. गाडीच्या काचेवर बर्फाचे चार कण पडून विरघळले, त्यांच्याकडे तो बघत राहिला.

"चांगली जागा आहे," तो म्हणाला. "पलंगाखाली कोरडं असतं."