बारा-अ नंबरचा बेड

चारुशीला ठोंबरे धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली नऊ वर्षं पुरुष वॉर्डाची इनचार्ज. गेल्या उन्हाळ्यात तेरा नंबरच्या बेडवर महिन्याभरात तीन पेशंट गेले. नातेवाईक कुजबुजायला लागले, तशी मॅनेजमेंटने पाटी बदलून ‘बारा-अ’ लावली. चारुशीलाला ते पटलं नव्हतं. पण तिला विचारतो कोण?

चार दिवसांनी काटोलकडचे गणपतराव निमोनियाने भरती झाले. त्यांना तोच बेड मिळाला. त्यांची बायको कुसुमताई, पिशवी अजून हातातच, दारापासून एकेक बेड मोजत आली.

“सिस्टर, हा तं तेरावा होते.”

“बारा-अ आहे, काकू.”

“मंग नंबर काहून बदलवला? काही झालं असन म्हणूनच न?”

चारुशीलाने खरं सांगून टाकलं. “हा बेड आमच्या टेबलाजवळ आहे, काकू. सिरीयस पेशंट नजरेसमोर राहावा म्हणून इथंच ठेवतो. त्यामुळे जातातही इथंच जास्त. नंबराचा काही दोष नाही.”

कुसुमताईंचा चेहरा उतरला. “म्हणजे आमचे हे सिरीयस हायेत? डॉक्टर तं साधा निमोनिया म्हणून राहिले होते!”

नंबराची भीती असती तर बेड बदलून भागलं असतं. या भीतीवर चारुशीलाकडे उपाय नव्हता.

मुलगा सौरव ऑफिसात जाऊन भांडला आणि गणपतरावांना पार टोकाच्या, खिडकीजवळच्या बेडवर हलवलं. टेबलावरून तो बेड दिसत नसे. म्हणून चारुशीला दर पंधरा मिनिटांनी चक्कर मारू लागली. कुसुमताईंना त्यातही काळंबेरं दिसलं.

“इतक्या खेपा काहून घालून राहिली ही?” त्या सौरवला म्हणाल्या. “आपल्यापासून काही तरी लपवते.”

तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेला, वॉर्डात नुसता कलकलाट होता. कुसुमताई नारळपाणी आणायला खाली गेल्या होत्या. चारुशीला चक्कर मारायला गेली तर गणपतरावांचा ऑक्सिजन मास्क हनुवटीखाली घसरलेला, ओठ निळे, आणि मॉनिटर कधीपासून ओरडत होता कोण जाणे. तिने मास्क बसवला, डॉक्टरांना हाक मारली. चेहऱ्यावर रंग यायला वीस मिनिटं लागली.

आठव्या दिवशी गणपतरावांना सुट्टी मिळाली. कुसुमताईंनी चारुशीलाचे दोन्ही हात धरले.

“बाई, तुमी होत्या म्हणून बरं झालं. पण त्या तेराव्या बेडवर असते न, तं हे वाचलेच नसते.”

टेबलाजवळ असते तर मास्क दोन मिनिटंही घसरून राहिला नसता, हे चारुशीलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. समोर गणपतराव सौरवच्या खांद्याला धरून चपला घालत होते.

“गोळ्या वेळेवर द्या, काकू,” एवढंच ती म्हणाली.

मग ऑफिसात जाऊन तिने खिडकीच्या टोकाला एक टेबल आणि एक जास्तीची सिस्टर मागितली. टेबल तेवढं लगेच मिळालं.