ओव्हरसियरकाकांचा बाजार

ओव्हरसियरकाका कोणाकडेही गेले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. बोटांच्या पेरांनी टकटक करायची, कान लावून ऐकायचं आणि मगच "बसू का?" म्हणून विचारायचं. राजा पार्कातल्या आमच्या बिऱ्हाडी ते पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. मी चहाचा कप घेऊन उभी आणि काका स्वयंपाकघराची भिंत वाजवताहेत. "सूनबाई, इथे खिळा मारू नका. गिलावा पोकळ आहे." मी मारला. परातीएवढा गिलावा खाली आला.

काका जयपूरला बांधकाम खात्यात होते, पण माणूस कोकणातल्या एका लहानशा बंदराचा. जोहरी बाजारातून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच होती. दर चार दुकानांनी थांबून कमानी बघत, मान डोलवत आणि शेवटी म्हणत, "सुंदर आहे हो, वादच नाही. पण याला भरती-ओहोटी कुठे सोसावी लागते?" मग त्यांच्या बंदरावरचा बाजार सुरू होई आणि आमची भाजी राहून जाई.

तो बाजार त्यांनी मला इतक्यांदा कागदावर काढून दाखवला होता, की मी न बघताही त्यात फिरू शकले असते. गावाकडची बाजू जुनी, जांभ्या दगडाची, कातळावर उभी. पुढे आगबोटी लागायला लागल्या, तेव्हा समुद्राच्या अंगाला भराव घालून सात कमानींची पडवी जोडली. त्या कामावर काकांचे वडील गवंड्यांचे मुकादम होते. फरशीला समुद्राकडे बेताचा उतार, म्हणजे कोळणींनी चार घागरी ओतल्या की सगळा बाजार धुऊन निघे. आणि जुन्या-नव्या भिंतींच्या मध्ये, जोत्यापासून कौलांपर्यंत, वडिलांनी मुद्दाम बोटभर फट सोडलेली. "कातळ हलत नाही आणि भराव हलल्याशिवाय राहत नाही. दोघांना एकत्र बांधाल तर भांडतील. सासू-सुनेच्या चुली वेगळ्या असल्या की घर टिकतं," असं म्हणून काका हळूच काकूंकडे बघत. काकू ऐकू न आल्यासारखं करत.

साठ सालच्या आसपास, होळीच्या सुमाराला त्यांच्या चुलतभावाचं पत्र आलं. नगरपालिकेनं बाजार धोक्याचा ठरवला होता. मधल्या भिंतीला मोठी भेग आहे, दर वर्षी पावसाळा सरला की सिमेंटनं बुजवतात, शिमग्यापर्यंत पुन्हा उघडते. आता इमारत पाडायची.

"अहो, ती भेग नव्हे, बाबांचा सांधा आहे! आणि ही गाढवं तो दर वर्षी बुजवताहेत!" काका त्या दिवशी जेवले नाहीत. नगरपालिकेला लिहिलेल्या त्यांच्या पत्रात गाढव हा शब्द तीनदा होता. मी तिन्ही काढून पत्र सुवाच्य अक्षरात उतरवलं. सिमेंट खरवडून काढा, दोन्ही भिंतींवर काचेच्या पट्ट्या पक्क्या चिकटवा, एक सांध्यावर आडवी लावा आणि एक पावसाळा थांबा. सांध्यावरची तडकेल, ती तडकू द्या. भिंतींवरची एक जरी तडकली, तरी खुशाल पाडा.

नगरपालिकेनं ऐकलं. दसऱ्याच्या आधी चुलतभावाचं कार्ड आलं: काच तडकली, दिवाळीनंतर पाडकाम. कुठली काच, ते लिहायचं त्या भल्या माणसाला सुचलं नव्हतं.

काका आमच्याकडे आले आणि भिंतीकडे न बघता सरळ खुर्चीत बसले. "सूनबाई, बाबाच चुकले असतील तर?" इतक्या हळू आवाजात ते कधी बोलत नसत. मला बांधकामातलं काय कळतंय? "जाऊन बघा, काका," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी नकाशांची गुंडाळी काखेत मारून ते गाडीत बसले.

पंधरा दिवसांनी काकूंनी मला पत्र वाचायला दिलं. सांध्यावरची तेवढी तडकली होती. भिंतींवरच्या अकराही शाबूत. काकांनी नगरपालिकेच्या मंडळींना प्रत्येक काचेवरून हात फिरवायला लावला होता. 'बाबा बरोबर होते,' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. बाजार राहणार होता. मात्र त्यावर कायम लक्ष ठेवणारं जाणतं माणूस हवं, अशी नगरपालिकेची अट होती. काकांच्या पेन्शनीला चारच महिने उरले होते. त्यांनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला होता.

काकू फळीवरच्या बरण्या खाली काढू लागल्या. "आनंद झाला ना गं?" त्यांनी विचारलं. झाला होता, अगदी मनापासून. पण जयपुरात मला हक्कानं रागावणारं वडीलधारं माणूस एकच होतं, आणि माझ्याच अक्षरातल्या पत्रानं ते बाजाराला देऊन टाकलं होतं. "झाला ना," मी म्हटलं आणि बरण्या गुंडाळायला रद्दी आणायला गेले.