उलटं वाचलेलं पुस्तक आणि गणपतीचे डोळे

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि सही करायला सांगितली. मी केली, नेहमीसारखी वळणदार. मग त्यांनी पेन काढून घेतलं, मी पिशवीतून नेलेला झिरो नंबरचा ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता गणपतीचा डोळा काढा. ब्रश कागदाला टेकायच्या आत माझी तर्जनी आत वळली, मनगट वाकडं झालं आणि कागदावर नुसता फराटा उठला.

डॉक्टर खूश झाले. अगदी खरंच. महिन्यातून दोनदा कोल्हापूरहून रत्नागिरीला येणारे हे मेंदूचे डॉक्टर, त्यांना रोज अर्धांगवायू आणि फिट्स बघायचा कंटाळा आला असावा. "टास्क-स्पेसिफिक फोकल डिस्टोनिया," ते म्हणाले. "रत्नागिरीत पहिल्यांदाच बघतोय."

म्हणजे काय, तर हाताला काहीही झालेलं नाही. नस दबलेली नाही, सांधा झिजलेला नाही. मेंदूत प्रत्येक बोटाची जागा ठरलेली असते. एकच बारीक काम वर्षानुवर्षं करत राहिलं की काही जणांच्या मेंदूत त्या जागा एकमेकींत मिसळतात आणि तेवढ्या एका कामाला बोटं आपसात भांडायला लागतात. मी बांगडे साफ करू शकते, नारळ खवू शकते, सुईत दोरा ओवू शकते. फक्त डोळे काढू शकत नाही.

मी विचारलं, मलाच का? "तुम्ही ते काम फार केलंत," डॉक्टर म्हणाले.

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. हे लिहिते आहे तेही रागानेच, आणि ज्यांचा हात असा अचानक परका झालाय त्यांच्यासाठी. शिंपी असाल, तबलजी असाल, सोनार असाल. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर एक अख्खं वर्ष वाचलं असतं.

आमची गणपतीची शाळा आहे. शाळा म्हणजे मूर्तींचा कारखाना, आमच्याकडे शाळाच म्हणतात. आमच्या भागात घरोघरीची माणसं आषाढात आपापला पाट शाळेत आणून देतात, मूर्ती त्याच पाटावर घडते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी जाते. पाट आला म्हणजे विश्वास आला. बाबा गेल्यापासून शाळा मी चालवते. माती मळायला, साच्यातून काढायला, रंगाचा हात मारायला माणसं आहेत, पण डोळ्यांची आखणी एकाच हाताने व्हायची. आधी बाबांच्या, मग माझ्या. माझे डोळे थेट बाबांसारखे येतात, असं लोक म्हणत. त्यासाठी मी लहानपणापासून पाट्या, वह्या, भिंती डोळ्यांनी भरल्या होत्या.

निदानाच्या आधीच्या गणपतीत शेवटच्या सात-आठ मूर्तींना हात अडखळला. कोणाला कळलं नाही. सरावच कमी पडला, असं मी स्वतःला सांगितलं आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज शंभर डोळे काढायचा नेम धरला. हात आखडला की दोनशे. हीच माझी चूक. पायात काटा मोडलेला असताना चालून चालून तो बाहेर काढायचा प्रयत्न करत होते मी.

मग सल्ल्यांचं पीक आलं. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, दुसऱ्यांनी झोपेची गोळी दिली, टेन्शन घेता का म्हणून विचारलं. चुलतभाऊ रोज सकाळी फोनवर व्हिडिओ पाठवायचा. त्यात कोणीतरी सुटातला माणूस सांगायचा की पॅशन असेल तर शरीर आपोआप साथ देतं. आणि एका बाईंनी, माझ्याच ओट्यावर माझाच चहा पिता पिता सांगितलं की देवाचे डोळे बाईच्या हाताने काढल्यावर दुसरं काय होणार. आषाढात त्यांचा पाट आला तेव्हा तो मी तरीही परत केला नाही. करायला हवा होता.

निदान झालं आणि ज्येष्ठात मला कोल्हापूरला नेऊन बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं दिली. हे एक विष असतं, थेंबभर प्रमाणात. जो स्नायू हट्टाने आवळतो त्याला ते काही महिने ढिलं पाडतं. सुईतूनच स्नायूची वीज मोजतात, त्याला ईएमजी म्हणतात. यंत्र खरखरत असतं आणि आपण ब्रश धरल्याचं सोंग करायचं असतं. ज्या जागी खरखर वाढते तिथे औषध सोडतात. दुखतं. नाही दुखत म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पुढचे तीन आठवडे माझ्या हातातून कप निसटत होते, आणि आखडणं गेलं तसा जोरही गेला. बोटं परत शिकवावी लागतील, डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपीला जा.

रत्नागिरीतल्या फिजिओथेरपीच्या बाहेरच्या बाकावर माझ्यासोबत इस्माईलभाई असायचे. जन्मभर बोटीवर बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, नोकरी केलेला माणूस, आता गुडघ्यांसाठी यायचा. मी भिंतीकडे बघत बसते हे त्यांना बघवेना. एक दिवस त्यांनी एक जाडजूड जपानी पुस्तक आणलं. कुठल्याशा जपानी बंदरात घेतलेली चित्रकथा, तिकडे तिला मांगा म्हणतात.

"नुसती चित्रा हायत, कुंदाताय. वाचायचा काय नाय," ते म्हणाले. "चित्रकाराची गोष्ट हाय. तुझ्याच धंद्यातला."

धंद्यातला म्हटल्यावर मी उघडलं. पहिल्याच पानावर एक म्हातारा चित्रकार भल्यामोठ्या चित्रापुढे उभा होता आणि सगळं सभागृह त्याच्यापुढे वाकलं होतं. पुढे त्याच्या हाताला बँडेज आलं. मग चुरगळलेले कागद, मग रागावणारे गुरुजी. पानागणिक तो लहान होत गेला, रेषा वेड्यावाकड्या होत गेल्या. चौकटी जरा अडखळत होत्या, पण जपानी लोकांची रीतच तशी असेल म्हटलं. शेवटच्या पानावर एक पोर कोळशाचा तुकडा मुठीत धरून भिंतीवर काहीतरी गिरबटत होतं आणि खिदळत होतं.

मी तिथे बाकावर रडले. एक माणूस आपली कला एकेक करून परत देत जातो आणि शेवटी मोकळा होतो. माझी गोष्ट कोणालातरी कळली होती, तीही जपानात.

फिजिओथेरपिस्ट आर्या तिशीच्या आतली, हुशार आणि भलती उत्साही. पुस्तक बघून तिचे डोळे चमकले. तिने ते फोनवर इंग्रजीत वाचलं होतं.

"ताई, तुम्ही उलटं वाचलंत," ती म्हणाली. "जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. तो मुलगा मोठा होतो. हात फुटेपर्यंत सराव करतो, बँडेज बांधून चित्रं काढतो आणि शेवटी सगळ्यात मोठा चित्रकार होतो. यातून शिकायचं ते हेच की पॅशन असली की दुखणं आड येत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हा चित्रकारही त्या सुटातल्याचाच भाऊ निघाला. मी तिला म्हटलं, "बाई, तुझ्याकडे रोज कोण येतं? हात फुटेपर्यंत काम केलेलेच येतात ना? त्यांच्या हातांना मालीश करतेस आणि हे पुस्तक डोक्यावर घेतेस?"

माझा आवाज बाहेर बाकापर्यंत गेला होता. त्या दिवशी मी व्यायाम न करताच घरी आले.

घरी पुस्तक परत उघडलं, पण सरळ बाजूने नाही. माझ्याच बाजूने. शेवटच्या पानावरच्या पोराची मूठ बघत बसले. आपण ब्रश तीन बोटांत धरतो, अंगठ्याच्या टोकावर. बाबांनी तशीच पकड शिकवली होती आणि मी ती आयुष्यभर घोटली होती. त्या पोराने कोळसा लाटण्यासारखा पकडला होता. मी ब्रशला जाड चिंधी गुंडाळली, मुठीत धरला आणि खांद्यापासून हात हलवला. तर्जनी वळली नाही. मनगटही जागेवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी आर्याला दाखवलं. तिने आधी कालची माफी मागितली, मग बराच वेळ माझा हात निरखला. पकड बदलली की मेंदूला ते जुनं काम वाटतच नाही, म्हणून तो जुनी चूक करत नाही, असं तिने समजावलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पण बजावलंसुद्धा, की सगळ्यांना हे जमत नाही आणि दिवसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. दुखलं की थांबायचं. वाचणाऱ्यांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

श्रावणभर मी वीस-वीस मिनिटं नवे डोळे काढले. ते बाबांसारखे येत नव्हते. बाबांचे डोळे लांबट, अर्धे मिटलेले, शांत. हे गोल, टक्क उघडे, कोणी हाक मारल्यावर वळून बघावं तसे. मला ते आवडले नाहीत. पण दुसरे येतच नव्हते. पाट आलेल्या प्रत्येक घरी फोन करून सांगितलं की हात आजारी आहे, डोळे वेगळे होतील, पाट परत न्यायचा तर न्या. काहींनी नेले. त्या ओट्यावर चहा प्यायलेल्या बाईंचाही गेला, त्याचं मात्र बरं वाटलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वरच्या वाडीतले सोनूकाका मूर्ती न्यायला आले. त्यांच्या घरच्या गणपतीचे डोळे बाबांनी चाळीस वर्षं काढलेले. त्यांनी मूर्तीवरचं फडकं बाजूला केलं आणि वाकून डोळे बघितले.

"बापासारखे नाय झाले," ते म्हणाले. मग फडकं झाकलं, पाट मुलाच्या डोक्यावर दिला आणि निघाले.

त्या रागात मी आठ दिवस कोणाशी धड बोलले नाही. त्यांच्यावर राग, बाबांवर राग, हातावर राग. आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर, कारण ते खरं बोलले होते आणि जन्मभर मी नेमकं हेच वाक्य ऐकायला घाबरत आले होते. ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी उठून मोदकांसाठी नारळ खवला.

आता इंजेक्शन वर्षातून दोनदा घेते. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. आर्याचे उपकार आहेत, इस्माईलभाईंचे आहेत, आणि त्या जपानी चित्रकाराचेही मानते, जरी त्याला जे म्हणायचं होतं ते मी ऐकून घेतलेलं नाही. कोणी मला विचारलं की त्या पुस्तकातून काय शिकायचं, तर मी सांगते, उलटं वाचा.

यंदा आषाढात काही पाट आलेच नाहीत. पण सोनूकाकांची सून पाट घेऊन आली, सगळ्यांच्या आधी. पाट टेकवून म्हणाली, मामंजींनी निरोप दिलाय, डोळे अगदी गेल्या वर्षीसारखेच हवेत, तस्सेच.

मी चिंधी गुंडाळलेला ब्रश बाजूला ठेवला. "सांग त्यांना," म्हटलं, "गेल्या वर्षीचे संपले. यंदा जसे येतील तसे."