घरटी एक मत

“अक्का, तुमच्या घरचं मत पडलंय. हात खाली घ्या.”

इथं दक्षिणेत, राजवाड्यामागच्या गल्लीत आपल्या मराठी सभेचा हॉल आहे. तिथं अध्यक्षाची निवडणूक चालली होती. हात वर केलेली बाई मी एकटीच. बोलले ते अध्यक्षच, पुन्हा उभे राहिलेले. नातवंडांनो, तुमच्या आजोबांचे मित्र. आपल्या घरी कितीदा जेवलेले.

“कुणी टाकलं?”

“तुमच्या मुलानं. अमेरिकेहून पत्र आलंय.” मग हसून, “ही काय पार्लमेंट आहे, अक्का? घरचंच आहे सगळं. मागं बसा, काफी येतेय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “टीचर, क्लास नको!”

हॉल हसला. बायकाही हसल्या. त्यांतल्या दोघी माझ्याच विद्यार्थिनी.

मी पत्र मागितलं. हातात दिलं नाही, लांबूनच दाखवलं. ‘आमच्या कुटुंबाचे मत मी अध्यक्षांना देत आहे.’ खाली तुमच्या बापाची सही.

मी हात खाली घेतला नाही. काफीचा टंबळर पुढे आला, तो घेतला नाही. मोजणी संपेपर्यंत तशीच उभी. खांदा भरून आला. माझा हात कुणी मोजला नाही.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. राज्य म्हणजे काय, सार्वभौम कोण, सरकारला अधिकार कुठून मिळतो. लोकांच्या संमतीतून. हे वाक्य मुलींकडून घोकून घेतलं. आणि माझी संमती पोटच्या मुलानं परस्पर देऊन टाकली होती.

घरी येऊन त्याला फोन केला.

“आई, त्यांनी मागितलं, मी सही केली. एवढं काय त्यात?”

“मला विचारलं का नाहीस?”

“तुला कशाला त्रास.”

हॉलमधल्या हसण्याहून हे जास्त लागलं.

पण लिहायचं तर सगळंच लिहिते. सभेची घटना मीच टाइप केली होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत. चांगलं इंग्रजी येणारी मीच, म्हणून आजोबा सांगत गेले, मी टाइप करत गेले. प्रत्येक कुटुंबास एक मत, ते कुटुंबप्रमुखाने द्यावे. स्वल्पविरामसुद्धा तपासला. त्याच दिवसांत वर्गात प्रौढ मताधिकार शिकवत होते. ह्या कलमात मी कुठं आहे, हे एकदाही मनात आलं नाही. आजोबा मला विचारून हात वर करत, तेच मी माझं मत समजत होते. ते गेले, आणि प्रमुखपद माझ्या डोक्यावरून सरळ समुद्रापलीकडे गेलं.

हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी कळते, वाचता येत नाही. तुमच्या बापालाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. एकही ओळ गाळू नको म्हणावं.

दुरुस्तीचा ठराव मी लिहून दिला आहे. बाई असो, पुरुष असो, एका माणसाला एक मत. त्या ठरावावरही घरटी एकच हात उठणार, म्हणजे तो पडणार, एवढं राज्यशास्त्र मला येतं. पडला की पुढच्या सभेत पुन्हा मांडीन. तोवर ते माझे अध्यक्ष नाहीत. आणि तुमचा बाप माझ्या घराचा प्रमुख नाही.