राजा परत आला त्या संध्याकाळी

मालिका लिहिणाऱ्यांना एकदा कडूमावशीच्या चुलीपाशी आणून बसवावं, असं मला फार वाटायचं. 'नीलमगड'चं त्यांनी वाटोळं केलं, ते त्यांच्या लेखी एका मालिकेचं वाटोळं. इकडे वडवणी तालुक्यात आत, आमच्या वस्तीवर, त्यापायी एका म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कडूमावशी माझी शेजारीण. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असं हे नाव ठेवलेलं. जीभ सोडली तर बाईत कडू काही नाही. उभा जन्म नवऱ्याबरोबर, तात्याबाबरोबर (पोरं त्याला आबा म्हणायची), मेंढरांमागं गेला. तीन वर्षांपूर्वी विहिरीत पडलेलं कोकरू काढायला तात्याबा खाली उतरला आणि वरून दरड कोसळली. धाकटा बिभीषण तेव्हा ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. थोरल्या सोमेश्वरनं त्याची वाट न बघता अग्नी दिला. बिभीषण पोचला तेव्हा राख उरली होती. बापाचं तोंडही बघू दिलं नाही, हे त्यानं मनात धरलं ते धरलंच. सोमेश्वरनंही एका शब्दानं खुलासा केला नाही. मेंढरं वाटली गेली, चुली वेगळ्या झाल्या, अंगणात मधोमध बाभळीचं कुंपण आलं. भाऊ भावाशी बोलेना.

टीव्ही तेवढा मावशीच्या खोलीत राहिला. दोघंही पोरवयापासून 'नीलमगड'चे वेडे. उडता घोडा, सात दरवाज्यांचा किल्ला, शाप लागून मुकी झालेली राजकन्या. खरं सांगते, सुरुवातीची वर्षं मीसुद्धा त्यापायी दूध उतू घालवलंय. संध्याकाळी सातला दोघं भाऊ यायचे. एक दाराशी बसायचा, एक कणगीला टेकून. मोबाइलवरही बघता आलं असतं, पण मोबाइलवर आईच्या हातची भाकरी येत नाही. मावशी मुद्दाम मालिका सुरू झाल्यावरच ताटं मांडायची आणि भाकरी एकेकच वाढायची. भरल्या ताटावरून उठायचं नाही, हे दोघांच्या अंगात मुरलेलं. तेवढा वेळ दोन्ही लेकरं एका छपराखाली असायची. बोलायची नाहीत, पण असायची. एवढ्यावर ती बाई दिवस काढत होती.

मग मालिकेला कीड लागली. घोडा एक दिवस गायब झाला आणि कुणी साधी चौकशी केली नाही. मुकी राजकन्या अचानक बोलायला लागली, शापाचं काय झालं देव जाणे. एकानं मान वळवली की तीनदा वीज कडाडायची आणि जाहिराती लागायच्या. सातव्या दरवाज्याची आम्ही वर्षानुवर्षं वाट बघितली. तो उघडला, तर आत आठवा दरवाजा. मी टीव्हीला शिव्या दिल्या.

कथा पातळ होत गेली तशी मावशीची आमटी घट्ट होत गेली. साध्या मंगळवारी अंड्याचं कालवण, बुधवारी शेंगदाण्याची चटणी, वर लोण्याचा गोळा. मी चेष्टा केली, "मावशी, लेखकानं घाण करायची अन् तू निस्तरायची व्हय?"

तिनं माझं मनगट धरलं.

"विजे, पोरांसमोर वाईट बोलू नकू. लई झालं तर गप बस. त्यांचं मन उडालं तर माझ्या दारात कावून, कशापायी येतील दोघं?"

मी गप्प बसायला लागले, आणि मला ते जड जातं हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.

पण एक दिवस बिभीषण हात धुताना माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, मायला सांगा, उद्यापासून माझी भाकर नकू. भंगार झालंय समदं." आई चार हातांवर उभी होती. तिच्याकडे बघून बोलायची हिंमत झाली नसावी.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः कुंपणाला वळसा घालून त्याच्या दारात गेली. लढाईत मेलेला राजा आज परत येणार, अशी जाहिरात दोन दिवस चालली होती. "तेवढं बघ अन् मग नकू येऊस," ती म्हणाली. बिभीषण आला. मला मात्र भरवसा नव्हता. मेलेला माणूस परत आणायचा म्हणजे लेखकाच्या हातात काहीच उरलं नाही, एवढं मला कळतं.

राजा आला. नट दुसराच, दाढी चिकटवलेली. सगळा दरबार रडला. राणीनं विचारलं, मग चितेवर कोण होतं? राजा म्हणाला, माझ्यासारखा दिसणारा दुसराच कुणीतरी.

बिभीषणचा घास हातातच राहिला. सोमेश्वर टीव्ही बंद करायला अर्धवट उठला.

"राहू दे," बिभीषण म्हणाला. तीन वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द. "बघू दे ना. राजाच्या पोरानं बी तोंड बघितलं नव्हतं. अण्णा, आपल्या चितेवर आबाच व्हता ना? का तिथं बी दुसराच कुणी?"

सोमेश्वर मान खाली घालून उभा. बिभीषणनं ताट सरकवलं आणि उठायला गुडघा वर घेतला. मला वाटलं, संपलं. आता हा उंबऱ्याबाहेर गेला की आईच्या मौतीलाच येणार.

"त्याला कावून इचारतो?" मावशी चुलीपाशी बसूनच बोलली. "मला इचार. मीच म्हणलं, पेटवा. त्यो थांबा थांबा म्हणत व्हता."

बिभीषणनं वर घेतलेला गुडघा खाली टेकवला.

"दरडीचे धोंडे तोंडावर पडलते, बाबा. बघण्यासारखं ऱ्हायलं नव्हतं. तू बापाचा लाडका. तेच तोंड जन्मभर तुझ्या डोळ्यांपुढं ऱ्हाईल म्हणून मी सोम्याला माझी शपथ घातली, का त्याला सांगायचं न्हाई. मला वाटलं, महिनाभर रुसशील."

तीन वर्षं सोमेश्वरनं दोष सोसला आणि आईनं सोसू दिला. मला मावशीचा संताप आला आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसं वाटलं. तव्यावरची भाकरी जळत होती. ती मी काढली.

"मला बघायचं व्हतं, माय," बिभीषण म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "कसं बी असलं तरी बघायचं व्हतं."

पदर तोंडाला लावून मावशी नुसती हलत राहिली.

बिभीषण सोमेश्वरकडे वळला. "तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग सांग."

सोमेश्वर त्याच्याजवळ जाऊन खाली बसला. टीव्हीवर राजा अजून दरबाराला काहीतरी सांगत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"उजवीकडून काईच वळखू येत नव्हतं," सोमेश्वर म्हणाला. "डाव्या अंगाला आबाच व्हता."