संडासातलं कॅलेंडर

रिक्स्त दे हान हिने नेदरलँड्समधल्या हार्लिंगेन गावात उभा जन्म टपाल वाटलं, आणि तेवढ्या काळात एकही पोस्टकार्ड वाचलं नाही, असं ती सांगते. चित्राची बाजू पाहिली, हे नाकारत नाही. चित्र सगळ्यांसाठीच असतं, असं तिचं मत.

मेहुणा वीबे गेला तेव्हा तिने थोरल्या बहिणीला, फ्राउक्याला, सांत्वनाची ईमेल लिहिली. दुसऱ्याच दिवशी तिच्या फोनवर थडग्याच्या दगडांच्या जाहिराती सुरू झाल्या: ग्रॅनाइटवर सवलत, अक्षरं मोफत कोरून मिळतील. रिक्स्तला रागाआधी लाज वाटली, आपल्याच खात्यातल्या कुणी चोरी केल्यासारखी.

"टपालवाल्याने पाकीट फोडलं," ती म्हणाली, "आणि वर जाऊन दगडवाल्याला सांगितलं."

बुधवारी वाचनालयात काही निवृत्त मंडळी लोकांचे फोन सुधारून देतात. तिथे जाऊन तिने फुकट ईमेल देणाऱ्या त्या कंपनीकडून एकेक बिऱ्हाड हलवलं. फोटो घरच्या डिस्कवर आले. निरोपांसाठी एका छोट्या संस्थेचं ॲप घेतलं, ज्यात जाहिराती नाहीत आणि ज्याचं नाव आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही. ईमेल मात्र आता पैसे भरून मिळणार होती. हे तिला खुपलं, कारण ती फ्रीसलंडची आहे, आणि आम्ही इथले लोक पैशाला घट्ट. पण फुकटात टपाल कुणी वाटत नाही, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

शेजारचा हारमेन बोटी रंगवायचा. आता लोकांची मतं रंगवतो. तो फुटपाथवरून तिच्या दिवाणखान्यात डोकावून म्हणाला, "खिडकीला पडदा नाही, आत काय शिजतंय ते अख्ख्या गल्लीला दिसतं, आणि बाई कंपनीपासून लपतायत!"

"खिडकीतून बघणारा मला दिसतो, हारमेन. तो हात करतो. आणि नाही केला तर मी त्याच्या आईला ओळखत असते."

हारमेनने हात केला आणि निघून गेला.

अडचण फ्राउक्याची झाली. जुन्या ॲपवर घरच्यांचा गट होता. रिक्स्त तिथून बाहेर पडताच सगळ्यांना तशी ओळ दिसली. फ्राउक्याचा फोन आला.

"इथे लिहिलंय, 'रिक्स्त गट सोडून गेली.' आधी नवरा गेला, आता तू."

"अगं, मी गेले नाहीये. फक्त पत्ता बदललाय."

"ज्याला माझ्याशी बोलायचंय तो इथेच बोलेल," असं म्हणून फ्राउक्याने फोन ठेवला, तो हिवाळाभर उचललाच नाही. रिक्स्तने दोन पत्रं टाकली. पत्रं पोचतात, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणून तर जास्त लागलं.

मार्चमध्ये तिची सत्तरी होती. इथे वाढदिवसाला आमंत्रण करत नाहीत. ज्याला ठाऊक आहे तो येतो. ठाऊक असावं म्हणून घरोघरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर वर्ष नसतं, त्यामुळे ते जन्मभर पुरतं. आम्ही आमची गुपितं फार जपतो आणि अख्ख्या खानदानाच्या जन्मतारखा नळ दुरुस्त करणाऱ्याला वाचू देतो. पण हल्ली आठवण फोनच करून द्यायचा. गेल्या वर्षी रिक्स्तच्या स्क्रीनवर फुगेच फुगे उडाले होते. त्यातले बरेचसे तिला दहा वर्षांत न भेटलेल्या लोकांचे. यंदा ती तिथे नव्हती, म्हणजे फोन कुणालाच आठवण करून देणार नव्हता.

आणि फ्राउक्याने नव्या फरशा बसवल्यावर आपलं कॅलेंडर काढून टाकलं होतं. फरशांवर शोभत नाही म्हणून.

"आठवण कर की तिला," हारमेन म्हणाला.

"सांगून आलेली बहीण नको मला."

तरी तिने खुर्च्या गोलात मांडल्या. एक जास्तच मांडली.

आधी हारमेन आला. मग वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एरिट्रियाची मेहरेत आली, हातात घरची गरम पोळी.

"तुम्हाला कसं कळलं?" रिक्स्तने विचारलं.

"पाणी गळत होतं तेव्हा तुमच्या संडासात आले होते ना. वाचलं. माझंही नाव लिहून टाकलं, जूनमध्ये. चाललं ना?"

"तेच तर करायचं असतं," हारमेन म्हणाला.

कॉफी झाली, केकचा एकेक तुकडा झाला. रिकाम्या खुर्चीकडे कुणी पाहत नव्हतं, सगळे मिळून. मग खिडकीसमोर एक बाई छत्री मिटताना दिसली. फ्राउक्या.

आत येऊन तिने आधी हारमेनचं अभिनंदन केलं, मग मेहरेतचं. इथे वाढदिवसाला आलेल्या प्रत्येकाचंच अभिनंदन करतात; रीत ती रीत. शेवटी बहिणीपाशी थांबली.

"तुझ्याकडे तर कॅलेंडर नाही," रिक्स्त म्हणाली.

"कॅलेंडर कशाला? तू झालीस तेव्हा मला शेजारच्यांकडे ठेवलं होतं. बाळ झालं की वाटतात ते बडीशेपेच्या गोळ्या घातलेले टोस्ट इतके खाल्ले की त्यांच्या गालिच्यावर ओकले. ती तारीख मी विसरेन?"

मग ती संडासात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. आतल्या कॅलेंडरवर ऑक्टोबरमध्ये वीबेचं नाव होतं, शेजारी पेनने काढलेला छोटा क्रूस.

"त्याला काढलं नाहीस."

"इथून कुणाला काढत नाहीत," रिक्स्त म्हणाली.

फ्राउक्या रिकाम्या खुर्चीत बसली, केक संपवला, आणि पर्समधून फोन काढून बहिणीच्या मांडीवर टाकला.

"घाल ते काय घालायचंय ते. पण मला शिकवत बसू नकोस."

"मलाही घाल," हारमेन म्हणाला. "उगाच मागे नको राहायला."

आता फ्राउक्या नव्या ॲपवर रोज संध्याकाळी हवामान कळवते: पाऊस, वारा, पुन्हा पाऊस. तेच हवामान रिक्स्तला खिडकीतून दिसत असतं. तरी ती चष्मा लावून प्रत्येक शब्द वाचते.