तांडेलाने कोपरा सोडला

आमचा तांडेल रडायचा. चोरून, तोंड धुण्याच्या निमित्ताने वगैरे नव्हे. मैदानाच्या मधोमध, पंचांसमोर, समोरच्या संघासमोर, ढसाढसा. हरलो तरी रडायचा आणि जिंकलो तर जास्तच. सहा फुटी गडी, मिरकरवाडा बंदरात त्याने एक हाक दिली की खलाशी हातातली विडी टाकून जाळ्याला भिडायचे, आणि हा माणूस जर्सीच्या बाहीला नाक पुसतोय! नवीन पोरं फिदीफिदी हसली की तो त्यांच्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. "डोळे हायत तर पाणी येणार. तुमचे काय काचेचे बसवलेत?"

मच्छीमार बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. हा मूळचा पूर्णगडचा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोनेही कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. रत्नागिरीतल्या आमच्या मंडळाच्या कबड्डी संघाचा तो पंधरा वर्षं कप्तान होता. उजवा कोपरा त्याचा. तिथे शिरलेला चढाईवाला परत जाईल तर शपथ! डावा कोपरा माझ्याकडे होता. मी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण "तांडेला" अशी एकेरीतच हाक मारायचो. सगळेच मारायचे.

तो काही संत नव्हता, हेही सांगून टाकतो. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की आमचा सराव सुरू व्हायचा, आणि कुणाची पकड सुटली की तांडेल ओरडायचा, "अरे बायल्यांनो, पकडताय की कुरवाळताय?" सगळे हसायचे. मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने. कारण मला मुली आवडत नाहीत, हे मला सोळाव्या वर्षापासून ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणाला कळू नये यासाठी मी जिवाचं रान करत होतो.

स्पर्धा जिंकली की संघाला सिनेमा दाखवायचा, हा तांडेलाचा नेम. चित्रपट निवडणार तोच, आणि निवडायचा पोस्टर बघून. त्या वर्षी पोस्टरवर दोन दांडगे पुरुष समोरासमोर उभे होते, दंड फुगलेले, जबडे आवळलेले. तांडेल खूश. "फुल मारामारी हाय." आम्ही बारा जण एका रांगेत बसलो, आणि अर्ध्या तासात कळलं की मारामारी वेगळीच आहे. एका पहिलवानाचं मन दुसऱ्या पुरुषावर जडलेलं. गावाला कळतं. तो जीव मुठीत धरून आपल्या लहानपणापासूनच्या मित्राच्या दारात येतो, दार ठोठावतो, आणि मित्र आत बसून राहतो. कडी काढत नाही.

आमच्या रांगेत शिट्ट्या सुरू झाल्या. मैदानात माझ्या शेजारी खेळणाऱ्या बाळ्याने काहीतरी घाणेरडं म्हटलं आणि एकेक करून सगळे उठून गेले. मला उठताच येईना. रांगेच्या दुसऱ्या टोकाला तांडेल बसून होता, कारण खेळ असो की सिनेमा, संपल्याशिवाय उठायचं नाही हा त्याचा दुसरा नेम. दिवे लागले तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बाहेर आल्यावर तो दोन दिवस एकच गोष्ट बडबडत होता. "दार उघडला नाय रे त्याने! कसला मेला मित्र?"

तांडेल बसला, तर तांडेल आहे म्हणून सुटला. माझ्या मात्र मागे चर्चा लागली. 'हा का नाही उठला?' मग कुणाला आठवलं की हा मुली बघायला जायचं टाळतो, कुणाला अजून काही. महिन्याभरात सगळं मैदान माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागलं. माझ्यासाठी कबड्डी म्हणजे सगळं होतं. घरी मी गप्प असायचो, ऑफिसात गप्प असायचो. त्या सात माणसांत मी मोकळा श्वास घ्यायचो. तेवढीच जागा होती आणि ती जायला लागली.

आता कबड्डीत एक गोष्ट असते. कोपऱ्यातल्या गड्याने शेजारच्याचा हात धरायचा असतो. त्याला साखळी म्हणतात. चढाईवाला आत आला की ही साखळी त्याच्याभोवती आवळायची. माझ्या साखळीला बाळ्या होता. पुढच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मी हात पुढे केला आणि बाळ्याने आपला हात पाठीमागे घेतला. मला वाटलं, चुकून झालं. दुसऱ्या चढाईला पुन्हा तेच. चढाईवाला आमच्या दोघांच्या मधून आरामात निघून गेला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "हात नको लावू रे, लागण होईल!" सगळं मैदान खो खो हसलं. मी आयुष्यात इतका उघडा कधी पडलो नव्हतो.

मध्यंतराला तांडेल पाणी प्यायला, चूळ भरली आणि बाळ्याला म्हणाला, "तू जा उजव्या कोपऱ्यात." बाळ्या बघतच राहिला. पंधरा वर्षं त्या कोपऱ्यात दुसरं कुणी उभं राहिलेलं नव्हतं. तांडेल माझ्या शेजारी आला, दोराने घट्टे पडलेला तो पंजा माझ्यापुढे धरला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "धर. नीट धर."

आमच्या बाजूने त्यानंतर एकही जण सुटला नाही. पण उजवा कोपरा उघडा पडला आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. तांडेल रडला, ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या मैदानावरूनच आम्हा दोघांना मंडळाच्या खोलीत बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, "याला संघातून काढ, नाहीतर कप्तानी सोड."

"खेळात चुकला काय तो?"

"खेळाचा प्रश्न नाही रे."

"मग संघाचा पण नाय," असं म्हणून तांडेलाने अंगातली जर्सी काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. मीही माझी काढून तिच्यावर ठेवली. आणि भर बाजारातून आम्ही दोन उघडेबंब बाप्ये बंदराकडे चालत निघालो. मासे घ्यायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला लाज वाटायला हवी होती. पण मी ताठ मानेने चाललो होतो, तसा त्याआधी कधीच चाललो नव्हतो.

वाटेत मी म्हणालो, "तांडेला, लोक बोलतात ते खरं आहे."

"ठाऊक हाय. मी सिनेमा बघत होतो आणि मधून मधून तुला बघत होतो." थोडं पुढे जाऊन म्हणाला, "चल, तुझ्या वहिनीने तिसऱ्या आणल्यात, टपोऱ्या शिंपल्या. सुकं करते झकास."

तो पुन्हा कधी कप्तान झाला नाही. बंदरावरच्या पोरांना मात्र शिकवत राहिला. ती जुनी शिवी तोंडापर्यंत यायची, मग तो अडखळायचा, "अरे बा... बा... बावळटांनो!" पोरांना वाटायचं, म्हातारा तोतरा आहे. मला प्रत्येक वेळी त्याला मिठी मारावीशी वाटायची.

मी पुढे मुंबईत नोकरीला लागलो. गेल्या वर्षी निखिलला घेऊन पूर्णगडला गेलो. आम्ही दोघं सहा वर्षं एका घरात राहतो. तांडेलाचा गुडघा आता वाकत नाही, बोट विकून तो गावीच राहायला आला. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हाडकलात हो!" आणि निखिलच्या पानात मला वाढलं त्याहून जास्त वाढलं.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो, तेवढ्यात तांडेलाचे थोरले चुलते आले. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा. ते बसत नाहीत तिथे गाव बसत नाही. त्यांनी निखिलकडे बोट केलं. "हे पाहुणे कोण?"

जन्माची सवय. मी चटकन म्हणालो, "मित्र आहे माझा."

तांडेलाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सोपी पकड सोडली होती.

"काका, मित्र मी हाय याचा," तो म्हणाला. "हा याचा घरवाला. बसा, चहा टाकलाय."

काका उभेच राहिले. मी तांडेलाकडे बघितलं, तर तो शांतपणे त्यांच्यासाठी खुर्ची पुसत होता. काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा निखिलकडे. मग चपला काढल्या आणि खुर्चीवर बसले.